पुन्हा आला नाही : यकृताचा कर्करोग, नोंदवही आणि यंत्राचे भाकीत

मराठीत आपण ‘काळीज’ म्हणतो तेव्हा हात आपोआप छातीकडे जातो. काळीज तुटते, काळजाला घरे पडतात, लेकरू काळजाचा तुकडा असते. आणि हे सारे हृदयाविषयीच बोलले जात आहे अशी आपली समजूत असते. परंतु ज्या संस्कृत ‘कालेय’ शब्दाशी व्युत्पत्तिकार या शब्दाचे नाते जोडतात, त्याचा अर्थ यकृत असा आहे. खाटकाच्या दुकानात कलेजी मागणाऱ्या माणसाला हा जुना अर्थ आजही बिनचूक ठाऊक असतो. प्राणाचे आणि भवितव्याचे स्थान यकृतात पाहण्याची ही कल्पना फार पुरातन आहे. बाबिलोनियात मेंढीचे यकृत पाहून राजाचे भविष्य सांगणारे पुरोहित होते. त्यांच्या विद्येसाठी घडवलेले, चौकोन पाडून त्यांत मजकूर कोरलेले मातीचे एक यकृत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ‘अमुक जागी अमुक खूण असेल, तर अमुक घडेल’ अशा वाक्यांच्या लांबच लांब याद्या या लोकांनी मातीच्या विटांवर लिहून ठेवल्या होत्या.

त्या वाक्याची घडण आज पुन्हा आपल्यासमोर आली आहे. रक्तातील बिलिरुबिन इतके, अल्ब्युमिन इतके, गाठ इतक्या सेंटिमीटरची, तर हा रुग्ण वर्षभर जगण्याची शक्यता इतकी, असे सांगणारी संगणकीय साधने गेल्या दोन दशकांत जगभर तयार झाली. हजारो रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी यंत्राला द्यायच्या, त्यांतील कोण किती दिवस जगला तेही सांगायचे, आणि या दोहोंमधील संबंध त्याने स्वतःच शोधून काढायचा, अशी ही रीत आहे. तिला मशीन लर्निंग म्हणतात. बाबिलोनी पुरोहिताशी तिची तुलना करून तिला हिणवावे असा आमचा हेतू नाही. पुरोहिताची यादी पडताळून पाहता येत नसे, यंत्राचे भाकीत पाहता येते. एक फरक मात्र आरंभीच लक्षात घेतला पाहिजे. तेव्हा यकृत मेंढीचे होते आणि भविष्य राजाचे. आता दोन्ही एकाच माणसाची आहेत, आणि आमच्या नागपुरात तो माणूस बहुधा हातात केसपेपर घेऊन मेडिकलच्या रांगेत उभा असतो.

या भाकिताच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले जाते. ज्या नोंदींवर ते उभे आहे त्यांच्या इतिहासाविषयी फार थोडे. म्हणून येथे आम्ही तो इतिहास नागपूरच्या बाजूने पाहू इच्छितो.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्या प्रांतात जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. तो ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई, आणि गावात कोण जन्मले, कोण गेले, कशाने गेले ते सांगे. ठाण्यातील कारकून ते रकान्यात भरी. प्लेग, पटकी, देवी, साप चावणे यांना स्वतंत्र रकाने होते, कारण सरकारला त्यांची भीती होती. बाकीचे बहुतेक मरण ‘ताप’ या रकान्यात जाई. त्या काळच्या हिंदुस्थानातील मृत्यूंच्या तक्त्यांत ताप हा सर्वांत मोठा मारेकरी दिसतो, तो काही अंशी मलेरियामुळे आणि काही अंशी कारकुनाच्या सोयीमुळे. पोटात पाणी होऊन, डोळे पिवळे पडून, अंगातले मांस झडून गेलेल्या माणसाला त्या वहीत जागा नव्हती. त्याचा रोग नव्हता असे नव्हे. त्याचा रकाना नव्हता. नोंदवही जग जसे आहे तसे दाखवत नाही, ती विचारणाऱ्याची गरज दाखवते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

कर्करोगाला रकाना मिळाला तो फार उशिरा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९५१ साली डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली, आणि या सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. ‘लोकसंख्याधारित’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. रुग्णालयाची वही आपल्या दारी आलेल्यांची मोजदाद ठेवते. ही वही एका शहराच्या सीमेत राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा कर्करोग टिपू पाहते, मग तो कोणत्याही दवाखान्यात जावो. मुंबईच्या शाखा म्हणून पुण्यात, औरंगाबादेत आणि १९८० साली नागपुरात अशीच नोंदणी सुरू झाली. केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस आला, म्हणजे नागपूरची वही त्याहून थोडी जुनी आहे. १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागासाठी नोंदणी निघाली, आणि वर्धा जिल्ह्याची नोंदणी पुढे सेवाग्रामला सुरू झाली.

या नोंदण्यांचे काम कसे चालते हे पाहिले म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाला काहीतरी ओळखीचे वाटू लागते. आपल्याकडे कर्करोगाची वर्दी आपण होऊन कोणी देत नाही, म्हणून नोंदणीचा माणूस स्वतः हिंडतो. रुग्णालयांचे नोंदणी विभाग, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, महापालिकेचे मृत्युनोंदणी कार्यालय, असे सगळीकडे जाऊन तो नावे उतरवतो, आणि मग एकच माणूस तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला गेला आहे काय ते ताडून पाहतो. विदर्भातच, रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी अशाच ज्याच्या त्याच्या तोंडून गोळा केल्या होत्या. पुढे धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. पण तसे करताना ही आठवण कोणाची आणि दुसऱ्याला ती वेगळी कशी आठवते, हेही टिपून ठेवण्याची शिस्त त्यांनी पाळली. हरवलेले हरवले आहे हे मान्य करून केलेली नोंद अधिक विश्वसनीय असते, हे महानुभावांना ठाऊक होते. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

माणूस किती जगेल हे सांगण्यासाठी त्याला रोग झाला एवढी नोंद पुरत नाही, पुढे त्याचे काय झाले तेही कळावे लागते. यातील अडचण १९५० च्या दशकात अमेरिकेत दोन माणसांच्या एकाच वेळी ध्यानात आली. पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचा विचार करीत होते. एडवर्ड कॅप्लन बेल प्रयोगशाळेत समुद्राखालच्या दूरध्वनी-तारांमधील निर्वात नळ्यांचे आयुष्य मोजत होते. प्रश्न एकच होता. अभ्यास संपला तेव्हा काही रुग्ण जिवंतच होते, आणि काही मध्येच दिसेनासे झाले. त्यांना हिशेबात कसे धरायचे? १९५८ साली दोघांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. जो मध्येच दिसेनासा झाला, त्याला शेवटचे पाहिले त्या दिवसापर्यंत जिवंत मोजायचे आणि त्यानंतर हिशेबातून बाजूला काढायचे. अशा रुग्णाला संख्याशास्त्रात ‘सेन्सॉर’ झालेला म्हणतात. आम्हां साहित्याच्या माणसांना हा शब्द वेगळ्याच अर्थाने परिचित आहे. तेथे कोणीतरी जाणूनबुजून कापतो. येथे कापणारा कोणीच नसतो, नुसते पान संपते.

या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. दिसेनासा झालेला माणूस आणि येत राहिलेला माणूस, यांच्या मरणाच्या शक्यतेत काही फरक नाही, असे ते गृहीत. समुद्राखालच्या नळीच्या बाबतीत ते खरे असू शकेल. गोंदियाहून किंवा गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते खरे आहे काय? नागपूरच्या रुग्णालयांत भंडारा, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबाद येथून माणसे येतात. त्यांतील एखादा तिसऱ्या खेपेला येत नाही तेव्हा त्याची प्रकृती सुधारलेली असण्याचा संभव कमी असतो. गाडीभाड्याचे पैसे संपलेले असतात, सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडत असते, कोणी काविळीचे झाडपाल्याचे औषध सुचवलेले असते, किंवा तो गेलेला असतो. केसपेपरवर यांपैकी काहीच उमटत नाही. ‘पुन्हा आला नाही’ एवढेही बहुधा कोणी लिहीत नाही. पुढचे पान कोरे राहते. शहराच्या नोंदणीतही तो नसतो, कारण ती वही शहरातील रहिवाशांची आहे. रुग्णालयाची वही त्याला विसरते आणि शहराची वही त्याला ओळखत नाही. गावी झालेल्या मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने व्हायला हवी, आणि ती होतेही. पण मृत्यूचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना असे प्रमाणपत्र होते. कोतवालाचा ‘ताप’ हा रकाना अजून पुरता पुसला गेलेला नाही.

आता यकृताकडे वळू. यकृताच्या कर्करोगात भाकिताला एवढे महत्त्व का येते? २०२० साली जगात या रोगाचे सुमारे नऊ लाख सहा हजार नवे रुग्ण आणि आठ लाख तीस हजार मृत्यू होते, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत यातच सारे आले. शिवाय येथे रुग्णाला एकाच वेळी दोन रोग असतात. गाठ असते, आणि बहुधा ज्या यकृतात ती वाढली ते यकृतही हेपॅटायटिस किंवा दारू यांमुळे आधीच कडक झालेले असते. गाठ काढावी तर उरलेले यकृत ते सोसेल काय, हा प्रश्न शल्यविशारदापुढे असतो.

या प्रश्नासाठी छोटी छोटी कोष्टके निर्माण झाली. १९६४ साली अमेरिकेत चाइल्ड आणि टर्कॉट यांनी पाच गोष्टी निवडल्या : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूवर आलेली गुंगी आणि रुग्णाचे पोषण. १९७३ साली लंडनमध्ये प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोषण वगळून त्याच्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. माणूस किती खंगला आहे हे डॉक्टरच्या डोळ्याला दिसते, पण दोन डोळ्यांना ते सारखे दिसेल याची खात्री नाही. प्रयोगशाळेचा आकडा सगळीकडे सारखा वाचता येतो. पाच ते पंधरा गुणांचे हे कोष्टक आजही वापरात आहे. जपानमध्ये ओकुडा यांनी १९८५ साली गाठीच्या आकाराची त्यात जोड दिली. १९९९ साली बार्सिलोनात तयार झालेल्या पद्धतीने तर रुग्ण किती हिंडूफिरू शकतो याचाही विचार केला. या कोष्टकांचा गुण असा की ती डॉक्टरच्या डोक्यात मावतात आणि रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगता येतात.

यंत्राने ही मर्यादा ओलांडली. २००१ साली लिओ ब्रायमन यांनी ‘रँडम फॉरेस्ट’, म्हणजे निर्णयवृक्षांचे अरण्य, ही पद्धत मांडली. एकेक वृक्ष होय-नाही असे प्रश्न विचारीत खाली उतरतो, आणि असे शेकडो वृक्ष मिळून कौल देतात. २००८ साली हेमंत ईश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगण्याच्या कालावधीला, सेन्सॉर झालेल्या रुग्णांसह, लागू केली. आता पाचच गोष्टी निवडण्याचे कारण उरले नाही. नोंदीत असेल ते सगळे यंत्राला देता येते. पण नोंदीत असेल तेवढेच. आणि नोंदीत रोगाबरोबर दवाखान्याचे वागणेही लिहिलेले असते.

याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेल्या एका प्रारूपाने असा नियम काढला की, दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण येण्याचा धोका कमी असतो. रिच कारुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तत्काळ अतिदक्षता विभागात हलवीत, म्हणून तो वाचे. यंत्राने नोंद अचूक वाचली होती. त्या नोंदीमागे धावपळ करणारी माणसे होती, ती मात्र त्याला दिसली नाहीत. या नियमावर विसंबून दमेकऱ्याला घरी पाठवले असते तर तो मेला असता.

हेच नागपुरात उलट्या दिशेने घडू शकते. शिकवणीच्या नोंदींत दूरच्या जिल्ह्यांतील रुग्ण लवकर मरताना दिसले, तर यंत्र दूरचा पत्ता हेच एक लक्षण धरील. अंतर हा रोग होईल. त्यातही दिवस मोजायला आरंभ होतो तो निदानाच्या तारखेपासून. धंतोलीत राहणाऱ्याची गाठ सोनोग्राफीत लवकर सापडते. कोरचीच्या माणसाची गाठ पोट फुगल्यावर सापडते. दोघांचा रोग समजा एकाच दिवशी सुरू झाला आणि मरणही एकाच दिवशी आले, तरी वहीत पहिला अधिक जगलेला दिसेल, कारण त्याचे घड्याळ आधी सुरू झाले. आणि जो दूरचा माणूस परत आलाच नाही, त्याला शेवटच्या खेपेपर्यंत जिवंत मोजून बाजूला काढले, तर चूक दुसरीकडे जाईल आणि औषध होते त्याहून गुणकारी वाटू लागेल. कोरे पान कसे वाचायचे हे ठरवल्यावाचून यांतील एकही आकडा सरळ वाचता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग अनुभवी डॉक्टरवरच भिस्त ठेवू. आम्हांला तसेही म्हणता येत नाही. निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी शिकागोमध्ये मरणासन्न रुग्णांच्या डॉक्टरांना, हा किती जगेल, असे विचारून ते पुढे पडताळून पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६८ रुग्ण होते. अंदाज बरोबर ठरले ते केवळ वीस टक्के, आणि सरासरीने डॉक्टरांनी आयुष्य पाचपटीहून अधिक सांगितले होते. ओळख जितकी दाट, तितकी चूक अधिक. ही चूक मायेची आहे, पण तिची किंमत आहे. शेवटचे महिने घरी घालवायचे की शेत गहाण टाकून आणखी एक उपचार करायचा, हे कुटुंब त्या अंदाजावर ठरवते. तेव्हा बरे भाकीत ही चैन नव्हे, गरज आहे, आणि यंत्राचे साहाय्य नाकारण्याचे कारण नाही.

मग चांगली नोंद कशाने होते? यकृताच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. १९८१ साली पामर बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. हेपॅटायटिस बी विषाणू आणि यकृताचा कर्करोग यांचा संबंध त्यांना तपासायचा होता. यकृताच्या कर्करोगाने मेलेल्या ४१ जणांपैकी ४० जण विषाणूचे वाहक निघाले. या अभ्यासातून माणसे जवळजवळ सुटलीच नाहीत. कारण ती सरकारी नोकर होती, त्यांचा सरकारी विमा होता, आणि मृत्यूची वर्दी दिली की घरच्यांना विम्याचे पैसे मिळत. कुटुंबाला नोंद पूर्ण करण्यात हित होते, म्हणून नोंद पूर्ण झाली. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला, आणि पुढील पिढीच्या मुलांत हा कर्करोग कमी झाला. भारतात ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर पोचली ती २०११ साली. पूर्ण नोंदीने येथे भाकिताहून मोठी गोष्ट केली. भाकीत करण्याची वेळच कमी माणसांवर आणली.

आमच्याकडे मृत्यूची वार्ता रुग्णालयाला कळवून कुटुंबाला काय मिळते? काहीच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांच्या नोंदी संगणकावर आहेत, पण त्या उपचाराचा खर्च चुकता करण्यासाठी ठेवलेल्या आहेत. माणूस पुढे जगला की गेला, हा त्यांचा प्रश्न नव्हे. भारतातील नोंदणी केंद्रांनी ही उणीव पायांनी भरून काढली आहे. जबाबी पोस्टकार्डे पाठवायची, मृत्युनोंदींशी नावे ताडायची, आणि तरीही पत्ता लागला नाही तर घरी जाऊन विचारायचे. बार्शीची माणसे तर खेडोपाडी जात आली आहेत. या कामाला विद्वत्तेची प्रतिष्ठा नाही, त्यावर परिसंवाद होत नाहीत. पण आज जे यंत्र शिकते, ते दारावर थाप मारणाऱ्या या माणसाकडून शिकते.

नागपुरात आता मोठी साधने आली आहेत. १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि त्यानंतरचे एम्स आहे. केसपेपर हळूहळू पडद्यावर जात आहे. उद्या यांपैकी कोठेतरी यंत्राचे भाकीत रोजच्या वापरात येईल, आणि खाटा थोड्या व माणसे फार अशा ठिकाणी भाकिताचा निवाडा व्हायला वेळ लागत नाही. हा तीनच महिने जगणार असे पडद्यावर दिसले, की त्याच्यावर खर्च कशाला, हा प्रश्न कोणीही मोठ्याने न विचारता सुटून जातो. मग तो तीन महिन्यांतच जातो, आणि यंत्राची शिकवणी आणखी पक्की होते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. यंत्र किती टक्के अचूक, हे विचारण्याआधी त्याच्या शिकवणीत किती पाने कोरी होती आणि ती कशी वाचली, हे विचारावे. महानुभावांनी पाठभेद राखले तसे, किती माणसे हरवली हा आकडा प्रत्येक भाकिताच्या शेजारी लिहिलेला असावा. आणि यंत्रावर होणाऱ्या खर्चातील काही वाटा, जो पुन्हा आला नाही त्याच्या गावी जाऊन विचारणाऱ्या माणसाच्या बसभाड्यासाठी ठेवावा. त्या घरात कोणीतरी तारीख सांगेल. ती तारीख वहीत उतरली, तर त्या पत्त्यावरून येणाऱ्या पुढच्या माणसाचे भाकीत तेवढे तरी खरे होईल.